जळालेल्या जखमेसाठी वनस्पतींचे अर्क तपासताय? या चुका टाळा

दरवर्षी प्रोजेक्टचे दिवस आले की एमएस्सीची मुलं पिशवीत कडुनिंब, मेहंदी, कोरफड, हळद कोंबून आमच्या लॅबमध्ये येतात. विषय ठरलेला: जळालेल्या जखमेत वाढणारे जिवाणू अर्काने मरतात का? चुकाही ठरलेल्या.

डोकं उठवणारी चूक म्हणजे द्रावकाचा कंट्रोल न ठेवणं, म्हणजे अर्क ज्यात काढला तो नुसता द्रव शेजारी न तपासणं. एक पोरगा प्लेट घेऊन धावत आला. "मॅडम, पाहा ना, १६ मिलिमीटरचा झोन!" झोन म्हणजे अर्काभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ. मेहंदीच्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क, समोर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू. मी त्याच्या अर्काची बाटली उघडली, तर भपकाराच आला.

"मिथेनॉल उडवलं काहून नाही?"

"वेळ नव्हता, मॅडम."

नव्या प्लेटच्या जेलीत पाडलेल्या एका खड्ड्यात त्याचा अर्क टाकायला लावला, शेजारच्या खड्ड्यात नुसतं मिथेनॉल. सकाळी पाहतो तर अर्काचा झोन १६, मिथेनॉलचा १४. त्यातले ६ मिलिमीटर तर खड्ड्याचेच! पोरगं मटकन स्टुलावर बसलं. तेव्हापासून मी अर्क वजन केलेल्या बशीत, ४० अंशांच्या वॉटरबाथवर, हूडखाली सुकवायला लावते. दोन दिवस लागोपाठ वजन तेच आलं की मगच पुढे. मग डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवा. तोही साधासुधा नाही, त्यालाही स्वतःचा खड्डा द्या.

दुसरी चूक खास आपल्या नागपूरची. साधा इनक्युबेटर (जिवाणू वाढवायची उबदार पेटी) फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत पारा ४२ वर असेल, तर बटण ३५ वर ठेवून आत ३५ कसे होतील? तरी वहीत सगळ्यांचं '३५ अंश' लिहिलेलं. जळालेल्या जखमेतला दुसरा जिवाणू, स्युडोमोनास एरुजिनोसा, ४२ अंशांतही मजेत वाढतो, पण तुमचे झोन दुसऱ्या कोणाच्या झोनशी ताडून पाहायच्या लायकीचे राहत नाहीत. आत थर्मामीटर ठेवा, रात्री उशिरा आणि सकाळी वाचा. आणि उकडतं म्हणून कूलरसमोर प्लेटा ओतू नका, बाप्पा! कूलरच्या टाकीतल्या पाण्यात स्युडोमोनास सुखानं नांदतो.

बाकीच्या झटपट सांगते. जिवाणूंचं मिश्रण ०.५ मॅकफारलंडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवा आणि १५ मिनिटांत वापरा, चहा नंतर. अर्क ऑटोक्लेव्ह करू नका (म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवू नका), ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. हळदीचा पिवळा डाग म्हणजे झोन नव्हे. कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा चीक आधी निथळू द्या. अशोकाची साल हवी म्हणून कॉलेजच्या गेटजवळच्या उंच, सरळसोट झाडाची सोलून आणाल, तर तो खरा अशोक नाहीच. वनस्पतिशास्त्रवाल्यांकडून नमुना ओळखवून घ्या, इतवारीच्या दुकानदाराच्या भरवशावर राहू नका.

आणि नुसत्या स्टॅफवर झोन मिळाला की शीर्षकात 'जळालेल्या जखमांवर गुणकारी' लिहिणारे! अहो, हिरवट-निळा रंग आणि द्राक्षांसारखा गोडसर वास सोडणारा स्युडोमोनास तर तुम्ही तपासलाच नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणापाशीच बहुतेक अर्क अडतात. पुन्हा प्लेट म्हणजे माणसाची कातडी नव्हे.

मागच्या उन्हाळ्यात एका मुलीचा हात हॉटप्लेटला लागला. दुसरा हात सरळ कोरफडीच्या बीकरकडे! मी तिला ओढत नळाखाली नेलं, घड्याळ लावून २० मिनिटं पाणी सोडलं आणि रिक्षात घालून डॉक्टरकडे पाठवलं. बीकरवर तिनेच लेबल लावलं होतं: 'निर्जंतुक केलेले नाही'.