फराळाच्या जाहिरातीचे पंचांग

डोंबिवलीत मी घरगुती फराळाचा व्यवसाय करते. आम्ही तिघीजणी आहोत आणि शेगड्या दोन. यंदा पहिल्यांदाच दिवाळीच्या सीझनला उतरणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी, पाकिटावरचे लेबल आणि मालाचा हिशेब या गोष्टी तुम्ही मार्गी लावल्या आहेत असे मी धरून चालते, आणि चकली खुसखुशीत कशी करावी हे तर मी कोणाला सांगायला नकोच. मला बोलायचे आहे ते जाहिरात कधी सुरू करायची याविषयी, कारण २०२४ साली मी नेमकी तिथेच आपटले.

त्याच्या आदल्या वर्षी सगळे सुरळीत झाले होते. २०२३ मध्ये घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी सकाळी मी ताटाचा फोटो आणि दर व्हॉट्सअॅपवर पाठवले, आणि १२ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनापर्यंत हाताशी अठ्ठावीस दिवस राहिले. परदेशी अडतीस पार्सले गेली. त्या यशाच्या भरात मी मोबाइलमध्ये दरवर्षी वाजणारी आठवण लावून टाकली: १५ ऑक्टोबर, फराळाची जाहिरात. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मदतनीस बायकांच्या सुट्ट्या मी त्याप्रमाणेच ठरवल्या होत्या. फक्त ती आठवण जिथल्या तिथे राहिली. ती वाजली तेव्हा घटस्थापना होऊन बारा दिवस झाले होते, दसराही उलटला होता, आणि दिवाळीला सतरा दिवस उरले होते.

अकरा दिवसांनी असा काय फरक पडतो, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण ते अकरा दिवस शेवटचे नव्हते, पहिले होते, आणि मोठ्या ऑर्डरी पहिल्या दिवसांतच येतात. ज्यांची मुले परदेशात आहेत ते आईवडील कुरिअरचे दिवस मोजून दसऱ्याच्या आत फराळ ठरवून मोकळे होतात. कार्यालयांतल्या भेटींच्या डब्यांचा निर्णय त्याच्याही आधी झालेला असतो. माझ्या वाट्याला उरले ते शेजारपाजारचे ग्राहक, जे वसुबारसेच्या आदल्या दिवशी फोन करून ‘दोन किलो चिवडा मिळेल का हो?’ असे विचारतात. त्यातच महिनाअखेर असल्याने अनेकांचा पगार व्हायचा होता. परदेशी पार्सले नऊ गेली. मी हौसेने चारशे खोकी छापून घेतली होती, झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘शुभ दीपावली २०२४’ असे लिहून. त्यांतली दोनशे चाळीस तशीच उरली. खोक्यावर साल छापू नका, हे वेगळे सांगायला हवे का?

तिथीचा हिशेब मी इथे जरा विस्ताराने मांडते, कारण तो सगळ्यांना माहीत असतो आणि कामाच्या वेळी कोणालाच आठवत नाही. आपले सण चांद्र महिन्यांवर चालतात आणि चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून दिवाळी दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते आणि मध्ये अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. मग १ नोव्हेंबर. मग २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुन्हा ८ नोव्हेंबर. इंग्रजी तारखेला बांधलेली कोणतीही योजना या चालीत टिकत नाही. मात्र सणांची आपापसांतली अंतरे फारशी बदलत नाहीत. अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजन सुमारे पंचेचाळीस दिवसांवर असते, घटस्थापनेपासून चार आठवड्यांवर आणि दसऱ्यापासून वीस दिवसांवर. मी हे वहीत मांडत बसले होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, दसरा झाला की विसाव्या दिवशी दिवाळी, याला मोबाइल कशाला हवा?’ तेव्हापासून आमच्या योजनेत एकही इंग्रजी तारीख नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने खुणा असतात, एवढेच.

त्या खुणा अशा. गणपतीचे विसर्जन झाले की दुसऱ्या दिवसापासून कार्यालयांना फोन सुरू. पितृपक्षात खरेदी होत नाही ही समजूत घरगुती ग्राहकांपुरती बरीचशी खरी आहे, पण भेटवस्तूंचे काम पाहणारा माणूस त्या पंधरवड्यात दरपत्रके गोळा करतच असतो. फोटो काढणे, नमुन्याची पाकिटे भरणे आणि यादी साफ करणे हेही तेव्हाच उरकायचे. घटस्थापनेला जाहिरात, दसऱ्याला परदेशी ऑर्डरी बंद, आणि कोजागरीनंतर चारपाच दिवसांनी गावातल्या ऑर्डरीही बंद. बंद म्हणजे बंद. आमच्याकडे दिवसाला बारा किलो चकली होते, त्यापुढे हात चालत नाहीत. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजल्याशिवाय पीठ होत नाही. आणि शेवटच्या आठवड्यात गिरणीवर भाजणीच्या डब्यांची रांग इतकी लांब असते की तिथे ओळख चालत नाही. जास्तीची ऑर्डर नाकारताना जीव तुटतो, हे मी जाणते. तरीही नाकारा. कच्ची राहिलेली शंकरपाळी एकदा एखाद्या घरात गेली की पुढच्या वर्षी तिथून फोन येत नाही.

दरांबाबत एक गोष्ट. मी २०२४ चे दरपत्रक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापले आणि त्याच महिन्याच्या मध्यावर केंद्र सरकारने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले. तळणीचा धंदा असलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आता तेलाचे डबे भरल्याशिवाय मी दर सांगत नाही.

सल्लागारांविषयी माझे मत कडवट आहे, ते तसेच घ्या. सीझनमध्ये दहापट विक्री शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग मी पैसे भरून केला. त्यात ‘घाई निर्माण करा’ आणि ‘सूट द्या’ एवढेच होते. घरगुती फराळावर सूट दिली की लोक तो शिळा आहे की काय असे विचारू लागतात. मला तसे तोंडावर विचारले गेले आहे. रील करून देणाऱ्या मुलाने तळणीचे सुंदर चित्रण केले आणि त्याला खूप पसंती मिळाली, पण त्यातली बरीच माणसे नागपूर-कोल्हापूरची होती आणि ऑर्डर एकही आली नाही. याउलट आमच्या भागातल्या एका जुन्या मिठाईवाल्या काकांनी फुकट सांगितले की गेल्या वर्षीच्या ग्राहकाला आधी चव पाठव, मग दर सांग. शंभर ग्रॅम चकलीचे पाकीट मी साठ घरी दिले आणि चव्वेचाळीस घरांतून ऑर्डर आली. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवर विसंबून राहू नका, कारण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. मला हे कळेपर्यंत एक सीझन गेला. म्हणून पाकिटावर नंबर ठळक छापते आणि देताना ‘सेव्ह करून ठेवा’ असे तोंडाने सांगते.

सगळे वेळेवर करूनही फटका बसू शकतो. २०२५ मध्ये माझ्या खुणा अचूक होत्या, पण अमेरिकेने २९ ऑगस्टपासून आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी काढली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले २५ ऑगस्टपासून थांबवली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. तरी मी बुडाले नाही. पितृपक्षातच ग्राहकांशी बोलणे सुरू असल्याने अमेरिकेच्या यादीतल्या काही घरांनी पार्सलाऐवजी इथल्या नातेवाइकांकडे डबे पाठवायला सांगितले. उशिरा सुरुवात केली असती तर हे बोलायलाही वेळ उरला नसता.

त्या वर्षी नवी खोकी छापली नाहीत. जुन्या झाकणांवरच्या सालावर आम्ही तिघींनी एका दुपारी पणतीचे चित्र असलेले स्टिकर चिकटवले. ओल्या हाताने धरले की ते निघतात आणि खालून २०२४ डोकावते. एका ग्राहकाने त्याचा फोटो काढून मला पाठवला, सोबत हसरा चेहरा. त्यांची यंदाची ऑर्डर आली आहे, आणि पलंगाखाली अजून चाळीस खोकी आहेत.