कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली: या चुका टाळा

पेशीची आकृती पुस्तकात आधीच पाहिलेली असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातही तशीच पेशी दिसेल असे धरून विद्यार्थी नेत्रिकेला डोळा लावतात. दिसते ते मात्र काहीतरी पिवळट, धूसर, काळ्या कडांच्या गोलांनी भरलेले. मग वहीतली आकृती पुस्तकातून उतरवली जाते आणि प्रयोग वाया जातो. खरे तर शाळेत करता येण्याजोगा कांद्याइतका सोपा नमुना क्वचितच सापडेल. बिघडते ते बहुतेक वेळा भिंगातून पाहण्याआधीच, काचपट्टी तयार करताना.

पापुद्र्याऐवजी कांद्याची फोड

सर्वांत मोठी चूक हीच. वरचे कोरडे तपकिरी टरफल घेऊ नका. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, केंद्रक शोधून सापडत नाही. आतला मांसल, रसदार थर घ्या आणि त्याचा साधारण १ सेंमीचा तुकडा कापा. तुकडा मधोमध हलकेच मोडला की खोलगट बाजूवरचा पातळ, पारदर्शक पडदा अलगद सुटतो. तो चिमट्याने ओढून काढा. त्याला पांढरट गर चिकटलेला असेल तर फेकून द्या आणि दुसरा काढा. गराच्या पेशींचे थर एकमेकांवर आले की प्रकाश अडतो आणि कोणताच थर स्पष्ट दिसत नाही. चांगला पापुद्रा एका पेशीइतकाच जाड असतो.

काचपट्टीवर ५ मिमीचा चौकोन पुरतो. काढल्याबरोबर तो पाण्यात टाका. हवेत राहिला तर सुकून गुंडाळला जातो. दुमडलेल्या भागात दोन थरांच्या पेशीभित्तिका एकमेकींवर येतात आणि विटांच्या ओळींऐवजी जाळी दिसते. अशा वेळी भिंग फिरवत बसण्यापेक्षा पापुद्रा सुईने किंवा कुंचल्याने पाण्याच्या थेंबातच सरळ करा.

रंग जास्त, ग्लिसरीन त्याहून जास्त

आयोडीनचे द्रावण १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ३०० मिली पाणी या प्रमाणात करतात. आधी पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, मग त्यात आयोडीन टाका. उलट क्रमाने केले तर आयोडीनचे खडे तळाशीच राहतात, कारण साध्या पाण्यात आयोडीन फारच कमी विरघळते. पापुद्र्यावर एक थेंब पुरे. एक-दोन मिनिटे थांबा आणि जादा रंग टीपकागदाने टिपा. सगळे दृश्य तपकिरी दिसत असेल तर पट्टी नव्याने करण्याची गरज नाही: कव्हरस्लिपच्या (नमुन्यावर झाकलेल्या पातळ काचेच्या) एका कडेला पाण्याचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला टीपकागद लावा. पाणी आत ओढले जाते आणि जादा रंग बाहेर निघतो.

आयोडीन घातले म्हणून वहीत ‘पिष्टमय पदार्थ दिसले’ असे लिहू नका. पिष्ट असते तर निळा-काळा रंग आला असता. कांदा आपले अन्न मुख्यतः शर्करेच्या रूपात साठवतो, त्यामुळे इथे फक्त केंद्रक पिवळट-तपकिरी होतो.

ग्लिसरीनचा घोटाळा सहसा लक्षात येत नाही. पट्टी लवकर सुकू नये म्हणून ते घालतात, पण दाट ग्लिसरीन पेशीतले पाणी बाहेर ओढते. प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतला पेशीचा नाजूक पडदा, भित्तिकेपासून सुटून आत सरकते आणि पेशीला जणू दुहेरी भिंत आहे असे वाटते. लगेच पाहायचे असेल तर साधे पाणीच वापरा. तासभर ठेवायची असेल तर पातळ केलेले ग्लिसरीन.

नाशिककडचा लाल कांदा मिळाला तर त्याच्या मांसल थराच्या बाहेरच्या, जांभळट बाजूचाही पापुद्रा जरूर काढून पाहा. त्याच्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, रंगद्रव्य असल्याने काहीही न घालता रिक्तिका दिसते. पेशीचा जवळजवळ सगळा भाग तिनेच व्यापलेला असतो आणि केंद्रक कडेला ढकललेला असतो. मध्यभागी केंद्रक काढायची सवय हे पाहिल्यावर आपोआप सुटते. याच पट्टीवर मिठाचे सुमारे ५ टक्के द्रावण सोडले की जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसताना समोर दिसतो.

बुडबुड्याला पेशी समजणे

जाड काळ्या कडेचा, अगदी गोल, आत रिकामा गोळा म्हणजे हवेचा बुडबुडा. तो केंद्रकही नाही आणि पेशीही नाही. कव्हरस्लिप वरून सपाट टाकल्याने हवा अडकते. तिची एक कड थेंबाला टेकवा, दुसरी सुईवर ४५ अंशांत धरा आणि हळूहळू खाली सोडा.

एखादा ठिपका नेमका कुठे आहे हे ओळखायची सोपी रीत आहे. पट्टी सरकवल्यावर तो सरकला तर पट्टीवर आहे. नेत्रिका फिरवल्यावर फिरला तर नेत्रिकेवर आहे. दोन्हीने हलला नाही तर वस्तुभिंग (नमुन्याकडचे भिंग) पुसायला घ्या, तेही फक्त भिंगाच्या कागदाने.

थेट ४० पटीपासून सुरुवात

पाहणी नेहमी सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगापासून करा, मग १० पटीवर या. ४० पटीचे भिंग पट्टीपासून मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर असते. तिथे मोठा स्क्रू फिरवला तर कव्हरस्लिप फुटते आणि भिंगावर ओरखडा येतो. त्यावर फक्त लहान स्क्रू वापरा. १० पटीवर स्पष्ट आणि ४० पटीवर काहीच नाही, असे झाले तर आधी पट्टी उलटी तर ठेवली नाही ना ते पाहा. काचपट्टी सुमारे १ मिमी जाड असते, कव्हरस्लिप फक्त ०.१७ मिमी, उलट्या पट्टीतून भिंग नमुन्यापर्यंत पोहोचूच शकत नाही.

चित्र फिकट आणि ‘धुतल्यासारखे’ दिसत असेल तर प्रकाश वाढवू नका, डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा बंद करा. आणि आरशावर थेट सूर्यप्रकाश कधीच घेऊ नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

न दिसलेले काढणे

कांद्याच्या आकृतीत हरितलवके (पेशीतले हिरवे कण) काढली की परीक्षक लगेच थांबतो. हा थर म्हणजे अन्न साठवणारे, जमिनीखालचे रूपांतरित पान. त्यात हरितलवके नसतात. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद असतात आणि या रंगाने उठत नाहीत. रायबोझोम तर प्रकाश-सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरच आहेत, कारण त्याची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर आहे. हरितलवके पाहायची असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचे कोवळे पान न कापता पाण्याच्या थेंबात ठेवा.

विशालनही चुकीचे लिहिले जाते. नेत्रिका १० पट आणि वस्तुभिंग ४० पट असेल तर गुणाकार, म्हणजे ४०० पट; बेरीज नव्हे. शक्य असेल तर पेशीची लांबीही काढा. नेत्रिकेवर क्षेत्रांक (याला वस्तुभिंगाच्या पटीने भागले की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये मिळतो) १८ असेल तर १० पटीच्या वस्तुभिंगाला दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १.८ मिमी. व्यासावर लांबीच्या दिशेने सहा पेशी बसल्या तर एक पेशी सुमारे ०.३ मिमी.

गालाच्या पेशी

गालाच्या पेशी पाहतानाही अडचण जाडीचीच. चूळ भरून स्वच्छ टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतली बाजू हलकेच खरवडा आणि ते ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरवा. गठ्ठा तसाच ठेवलात तर रंगवल्यावर निळा ढीग दिसेल. नंतर मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब. पेशीवरचे बारीक निळे ठिपके बहुतेक तोंडातले जीवाणू असतात, तंतुकणिका नव्हेत. एकाची टूथपिक दुसऱ्याने वापरू नये आणि वापरलेली जंतुनाशकात टाकावी.

या पेशींना भित्तिका नसते, म्हणून त्या दुमडलेल्या आणि वेड्यावाकड्या दिसतात. त्याला पट्टी बिघडली असे समजू नका.

पेशी, ऊती की अवयव?

पापुद्र्याला ‘पेशी’ म्हणणे आणि रक्ताला ‘अवयव’ म्हणणे, दोन्ही एकाच जातीच्या चुका. समान रचनेच्या आणि समान काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती: कांद्याची अपित्वचा (म्हणजेच आपण काढलेला पापुद्रा) ही ऊती, रक्त ही संयोजी ऊती. अनेक प्रकारच्या ऊती मिळून अवयव होतो, म्हणून पान हा अवयव आणि आपली त्वचाही अवयवच. आकृतीखाली ‘कांद्याची पेशी’ एवढेच न लिहिता ‘कांद्याच्या मांसल पर्णाची अपित्वचा, आयोडीनने रंगवलेली, १०० पट’ असे लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला नमुना, रंग आणि विशालन एकदमच कळते.