पेपर तपासताना या चुका टाळा

घटक चाचणीचा गठ्ठा घरी न्यायचा आणि रात्री जेवणं आटोपल्यावर एका बैठकीत संपवायचा, ही आपली सगळ्यांचीच सवय. माझीही होती. ‘बाई त्यांनाच जास्त मार्क देतात’ या कुजबुजीचं मूळ बरेचदा या गठ्ठ्यातच सापडतं.

पहिले पाच पेपर हात आखडून, मधले सढळ हाताने, शेवटचे जांभया देत. म्हणून अख्खा पेपर एकदम तपासू नका. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून दुसरा. शेवटी सुरुवातीचे पाच पुन्हा बघा. माझे त्यातले एक-दोन तरी दर वेळी बदलतात.

नाव आधी वाचणं ही त्याहून मोठी चूक. हुशार मुलाचं अर्धवट उत्तर आपण मनातल्या मनात पूर्ण करतो, आणि ‘ढ’ ठरवलेल्याचं बरोबर उत्तर कुणाचं तरी बघून लिहिलेलं वाटतं. दहावीच्या उत्तरपत्रिकांवर बोर्ड बारकोड लावतं ते उगाच नाही. आपण पहिलं पान मागे दुमडलं तरी पुरे. अर्थात अक्षर ओळखू येतंच. म्हणून दोन गुणांसाठी कोणते दोन मुद्दे हवेत, ते आधीच कागदावर लिहून ठेवा. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीचे तेच पेपर 142 शिक्षकांना तपासायला दिले. त्यातल्या एका पेपरला कुणी 100 पैकी 64 दिले, कुणी 98!

तोंडी परीक्षेत तर नाव झाकायची सोयच नाही. पुढच्या बाकावरची अडखळली की आपण पहिला शब्द पुरवतो, मागच्याला मात्र ‘अभ्यास केला नाहीस ना?’ प्रश्नांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, ज्याची त्याने उचलावी.

वही आणली नाही, गप्पा मारल्या म्हणून गुण कापू नका. पेपर वाटताना गुण मोठ्याने वाचू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांच्या मानसिक छळाला बंदी आहेच, पण चार गुणवाल्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून साधतं तरी काय?

‘बाई, याच उत्तराला तिला दोन, मला एक’ असं कुणी म्हणालं, तर दोन्ही पेपर शेजारी ठेवा. चूक आपली असेल तर याचा गुण वाढवा, तिचा कापू नका. कापलात तर तक्रार करणाऱ्याला मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग बघून घेईल.