एकदम चाळीस जखमी दारात आले तर? ग्रामीण रुग्णालयांनी या चुका टाळा

मोठा अपघात झाला की रुग्णालयात सगळ्यात आधी पोचतात ते सगळ्यात कमी लागलेले. ज्याला चालता येतं तो मिळेल त्या जीपमध्ये बसतो आणि येतो. ज्याच्या पोटात रक्तस्राव होतोय तो अजून उलटलेल्या टेम्पोखालीच असतो. वऱ्हाडाचा टेम्पो घाटात उलटला त्या रात्री मी एका ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर होतो, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या वीस मिनिटांत आमच्या सगळ्या खाटा खरचटलेल्या, हात मोडलेल्या माणसांनी भरल्या. मी एका पोराच्या कपाळाला टाके घालत होतो आणि बाहेर व्हरांड्यात, फरशीवर, एक बाई शांत पडून होती. ती ओरडत नव्हती म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सिस्टरनं हाक मारली तेव्हा तिची नाडी मनगटाला लागत नव्हती.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: जो आधी आला किंवा जो जास्त ओरडतो, त्याला आधी घेणं. यावर उपाय आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. सगळ्यात अनुभवी माणूस ड्रेसिंग रूममध्ये नको, दारात हवा. त्यानं टाके घालायचे नाहीत, सलाईन लावायचं नाही. एकेका माणसापाशी अर्धा-एक मिनिट थांबायचं आणि रंग ठरवायचा: लाल म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. चालता येतं? हिरवा, ओपीडीच्या बाकावर. श्वास नाही? मान सरळ करून वाट मोकळी करा. सुरू झाला तर लाल, नाही झाला तर काळा. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त? लाल. नख दाबून सोडल्यावर लाली परतायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागतात, किंवा मनगटाला नाडी नाही? लाल. "माझा हात दाबा" म्हटल्यावर दाबत नाही? लाल. उरले ते पिवळे. वाहणारं रक्त दिसलं तर दाब द्यायला लावायचं आणि पुढच्याकडे वळायचं. मोठ्या माणसांसाठी हे गणित पुरतं. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद असतो, त्यांना ३० चा आकडा लावू नका.

रंगीत कार्डं नसतील तर बँडेजची पट्टी मनगटाला बांधा आणि मार्करनं रंगाचं अक्षर लिहा. मार्कर मात्र कॅज्युअल्टीच्या टेबलाला दोऱ्यानं बांधलेला हवा, नाहीतर तो वेळेवर सापडत नाही. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा फेरी मारा, कारण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. काळी पट्टी बांधणं फार जड जातं. नेहमीच्या दिवशी आपण त्याच माणसाची छाती दाबत बसलो असतो. पण त्या वीस मिनिटांत दोन लाल पट्ट्या हातातून जातात.

दुसरी चूक म्हणजे सरसकट "सिव्हिलला न्या". सगळे जखमी एकाच जिल्हा रुग्णालयात ढकलले की आपलं दार मोकळं होतं आणि त्यांचं तुंबतं. कुठे सर्जन राहायला आहे, कुठे सीटी स्कॅन रात्री चालतो, कुठल्या रक्तपेढीत किती पिशव्या असतात, ही यादी खासगी दवाखान्यांसकट आधीच भिंतीवर लावा. लाल माणसं वाटून पाठवा. हिरव्यांना तर पाठवूच नका, त्यांच्यासाठी १०८ अडकते. फोन एकानंच करायचे. चौघं चार ठिकाणी बोलले की एकाच जागेसाठी दोन गाड्या निघतात.

तिसरी चूक गावाला विसरण्याची. पहिला हात रिक्षावाल्याचा, ढाबेवाल्याचा, आशाताईचा असतो. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविक गेले. डोंगरावरच्या यात्रेत खालून मदत चढेपर्यंत शेजारी उभा असलेला माणूसच मदत असतो. त्याला दोन गोष्टी शिकवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरायचं, उचलून उचलून बघायचं नाही, हळद भरायची नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळायचा आणि वेळ लिहायची. सुतळी नको, ती मांसात रुतते. आणि पोलिसांच्या भीतीनं लोक मागे सरतात, तेव्हा हेही सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं १३४-अ कलम अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती नाही.

केमिकलचा टँकर उलटला असेल तर जखमींना थेट आत घेणं ही वेगळीच चूक आहे. टोकियोत १९९५ साली मेट्रोत सरीन वायू सोडला गेला. जवळच्या एका रुग्णालयात एका दिवसात ६४० च्या आसपास माणसं आली आणि त्यांच्या कपड्यांतल्या वायूनं तिथल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. एमआयडीसीजवळच्या रुग्णालयांनी दाराबाहेर नळ, पाइप आणि आडोसा ठेवायलाच हवा. कपडे काढा, भरपूर पाण्यानं धुवा, मग आत.

नातेवाइकांसाठी वेगळं टेबल मांडा, वार्डापासून लांब. तिथे शिक्षक किंवा ग्रामसेवक बसवा. बेशुद्ध माणसाला अंदाजानं नाव देऊ नका. "अनोळखी पुरुष १" लिहा, पट्टीवर तोच क्रमांक आणि कपड्यांच्या पिशवीवरही तोच.

आता मॉकड्रिल. सकाळी अकराला, साहेब येणार म्हणून, सगळा स्टाफ इस्त्रीच्या कपड्यांत. याला तालीम म्हणता येणार नाही. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ रोजी बस पेटली तीही मध्यरात्रीनंतर. तेव्हा रुग्णालयात एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक वार्डबॉय मामा असतात. त्यांनाच घेऊन, न सांगता, रात्री दोनला तालीम करा.

आमच्या त्या रात्री औषध भांडाराला कुलूप होतं आणि किल्ली बारा किलोमीटरवर, फार्मासिस्टच्या घरी. मामांनी लोखंडी सळईनं कोयंडा उपटला तेव्हा सलाईनचे खोके हाती लागले. आता दुसरी किल्ली सिस्टरच्या टेबलात काचेच्या डबीत असते. जनरेटर दर शनिवारी पंधरा मिनिटं लोडवर चालवतात, नुसता सुरू करून बंद करत नाहीत. आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक जम्बो सिलिंडरला त्याचा पाना साखळीनं बांधलेला आहे.