पिसांची रजई स्वतः धुतली, त्याची गोष्ट

शिकागोतल्या तीन हिवाळ्यांनंतर आमच्या पिसांच्या रजईला कुबट वास यायला लागला. पहिल्या खेपेला चुकलो. मधे दांडा असलेल्या घरच्या मशीनमध्ये ती कोंबली, साबण नेहमीएवढाच घातला. रजई फुग्यासारखी वर तरंगत राहिली आणि वाळल्यावर आत गोळेच गोळे.

दुसऱ्यांदा आधी उसवलेल्या जागी टाके घातले आणि लाँड्रोमॅटमधलं (पैसे देऊन आपले कपडे आपणच धुवायचं दुकान) पुढून दार असलेलं मोठं मशीन गाठलं. कोमट पाणी, सौम्य पातळ साबण दोनच चमचे, सॉफ्टनर अजिबात नाही (पिसं चिकटून बसतात), साध्या पाण्यातून दोनदा काढली. ओली रजई उचलताना खालून आधार द्या, शिवण फाटते. भिजलेल्या कोंबडीसारखा वास येईल. वाळली की जातो.

खरी परीक्षा ड्रायरची. आच मंद, सोबत तीन स्वच्छ टेनिस बॉल (आपटून आपटून पिसं मोकळी करतात), आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून गोळे हाताने फोडायचे. साडेतीन तास गेले! वरून कोरडी लागली तरी आत ओल असते, कुबटपणा तिथूनच येतो. आईची गोधडी एका उन्हात वाळायची. आता रजईला खोळ घातलीय, धुवायची ती खोळच.