परदेशात बेबिंका करून वाटताय? या चुका टाळा

मडगावला नाताळच्या आदल्या दिवशी शेजारच्या आंटींकडून कोंसुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट यायचं. क्रोशाच्या रुमालाखाली दोदोल, नेवऱ्या, कुलकुलं आणि कडेला बेबिंकाचे, म्हणजे गोव्याच्या थराथराच्या गोड पदार्थाचे दोन तुकडे. दिवाळीत आमच्याकडून फराळ गेलेला असायचाच. आता मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. इथे गोंयकार पुष्कळ आहेत, पण ताट हवं तर आपणच करून पाठवावं लागतं. पहिले तीन नाताळ माझं बेबिंका बिघडलं. कुठे चुकलं ते सांगते.

सगळ्यात मोठी चूक आचेची. केकसारखं खालून-वरून भाजलं की शेवटच्या थरापर्यंत पहिला थर चामड्यासारखा होतो. बेबिंकाला आच वरूनच हवी. पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत, ते त्यासाठीच. ओव्हनचं फक्त वरचं ग्रिल लावा. भांड्यात चमचाभर तूप चांगलं तापवा, डावभर मिश्रण ओता आणि समोरच थांबा. वर तपकिरी डाग पडले, बोटाला काही चिकटलं नाही, की चमचाभर तूप सोडून पुढचा डाव. कापल्यावर ज्या रेघा दिसतात, त्या म्हणजे हीच तपकिरी साय. फिकट थरावर घाईने दुसरा ओतलात तर दोन्ही एक होऊन खरवसासारखा गोळा होतो. सात थरांना माझे अडीच तास जातात, आणि ते जाऊ द्यावेत. ‘घाय करूं नाका,’ आंटी दर थराला म्हणायच्या.

दर वेळी डाव घालण्याआधी मिश्रण तळापासून ढवळा. मैदा खाली बसतो. न ढवळल्यास सुरुवातीचे थर पातळ आणि शेवटचे रबरासारखे होतात.

नारळाचं दूध डब्यातलं चालेल, पण दाट घ्या. चहा-कॉफीसाठी खोक्यात मिळतं ते पाणीच. थंडीत डब्यातला स्निग्धांश वर गोठून बसतो, म्हणून डबा उघडण्याआधी गरम पाण्यात ठेवा. माझं प्रमाण असं: दोन वाट्या दूध, वाटीभर मैदा, दीड वाटी साखर, दहा बलक, ताजं किसलेलं जायफळ. बलक कमी करून कस्टर्ड पावडर घालायचा मोह कृपा करून टाळा. 2023 साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं; घरापासून इतक्या लांब आपण वाटतो तेव्हा समोरच्याला खरी चव मिळायला हवी.

गरम असताना कापू नका, थर सरकतात. रात्रभर निवू द्या, मग भांडं पालथं करून धारदार सुरीने पातळ काप करा. कोमट असताना डब्यात भरलंत तर झाकणाला वाफ धरते आणि बुरशी येते. पूर्ण निवल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळा.

फ्रिजमधून काढून तसंच दिलंत तर तूप टाळूला मेणासारखं चिकटतं. पहिल्या वर्षी ऑफिसात मी तसंच नेलं आणि सगळ्यांनी एकेक घास घेऊन बशा ठेवून दिल्या. फार वाईट वाटलं. आता मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद ठेवून मगच देते, आणि बोटभर जाडीचाच काप.

आणि अंडं आहे हे आधी सांगा. चव आणि वास नारळ-जायफळाचा, त्यामुळे खाणाऱ्याला कळत नाही. नाताळ पुष्कळदा मार्गशीर्षात येतो. आपल्या मराठी ओळखीत त्या महिन्यात अंडं न खाणाऱ्या काकू असतातच. त्यांच्यासाठी मी वेगळ्या डब्यात दोदोल भरते: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा गूळ. त्याचा चमचा आणि सुरीही वेगळी ठेवते.