परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थेने मदत करणाऱ्यांचा मान कसा राखावा

घरं बांधणाऱ्या संस्थेचं काम बाकीच्या संस्थांपेक्षा एका बाबतीत वेगळं असतं, मदत आज येते आणि घर उभं राहायला काही वर्षं जातात. जागा मिळवायची, माती तपासायची, नकाशे मंजूर करून घ्यायचे, कर्जाची जुळवाजुळव करायची, आणि एवढ्या काळात दाखवायला असतो फक्त कुंपण घातलेला रिकामा प्लॉट. मग बऱ्याच संस्था आभार मानायचं काम उद्घाटनापर्यंत ढकलतात, आणि उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसतात ते शेवटी आलेले, ज्यांना तयार इमारत दिसली म्हणून त्यांनी पैसे दिले. ज्यांनी नुसत्या कागदावर विश्वास ठेवला ते मागे कुठेतरी उभे. मला हे मनापासून खटकतं, म्हणून खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय की पहिला मान पहिल्यांदा हात देणाऱ्यांचा.

आधी यादी, आणि ती एकट्या अकाउंटंटकडून नको

अकाउंटंटकडे पैसे देणाऱ्यांची नावं असतात, बस. पण जमीन बाजारभावापेक्षा कमीत देणारा मालक, कमी व्याजावर आणि लांब मुदतीवर पैसे देणारी पतसंस्था, फी न घेता कागदपत्रं तपासणारी वकील, सुट्टीच्या दिवशी येऊन भिंती घासणारे व्हॉलंटियर, ही नावं त्याच्या वहीत नसतातच. म्हणून तीन माणसं एकत्र बसवा: हिशोब बघणारा, साइटवरचा सुपरवायझर आणि वस्तीत घरोघरी जाणारी कार्यकर्ती. तासाभरात यादी दुप्पट होते.

यात एक नाव हमखास सुटतं. परवडणाऱ्या घरांचा प्रोजेक्ट आला की आसपासचे लोक विरोध करतात, ट्रॅफिक वाढेल, आमच्या घरांच्या किमती पडतील, वगैरे. मग लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी होते, तिथे एखादी शेजारीण उभी राहते आणि आपल्याच गल्लीतल्या लोकांसमोर सांगते की ही घरं इथे झालीच पाहिजेत. तिने एक पैसा दिलेला नसतो, पण त्यानंतर महिनोन्‌महिने शेजाऱ्यांचे टोमणे तीच खाते. तिचं नाव यादीत वरती हवं.

आणि घरात राहायला येणारे लोकसुद्धा मदत करणारेच आहेत हे विसरू नका. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही घरं बांधणारी अमेरिकन संस्था मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये सुरू केली, तिथे ज्या कुटुंबाला घर मिळणार ते स्वतः बांधकामावर ठरावीक तास काम करतं, त्याला ते स्वेट इक्विटी म्हणतात, म्हणजे घामाची भागीदारी. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर ते तासही लिहून ठेवा आणि त्या लोकांना देणगीदारांच्याच ओळीत बसवा, वेगळ्या कोपऱ्यात नको.

थँक्यू दोन-तीन दिवसांत, आणि त्यात खरी बातमी हवी

पावती म्हणजे आभार नव्हेत, ती हिशोबासाठी असते. वेगळी चार ओळींची चिठ्ठी लिहा, जमल्यास हाताने. "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत" असलं काही नको, ते कोणी वाचत नाही. त्यापेक्षा असं लिहा: "तुमचे पैसे आले त्याच आठवड्यात मातीची तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आलाय, आता पाया किती खोल घ्यायचा ते इंजिनियर ठरवतायत. पुढच्या महिन्यात खोदकाम सुरू झालं की फोटो पाठवते." वाचणाऱ्याला जागा डोळ्यासमोर दिसते. फक्त खोटं जोडू नका, पैसे एकत्र फंडात गेले असतील तर "तुमच्या पैशातून हा दरवाजा बसला" असं म्हणायचं नाही, "तुमच्यासारख्यांच्या पैशातून पहिला मजला झाला" हे खरं आहे आणि तेवढं पुरतं.

मान कसा हवा ते त्यांनाच विचारा

सगळ्यांना स्टेज आवडत नाही. काहींना नाव अजिबात नको असतं, काहींना आईच्या किंवा गेलेल्या मुलाच्या नावाने द्यायचं असतं. एक फोन करा, विचारा, आणि उत्तर यादीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी नवीन माणूस येऊन तेच परत विचारतो. आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्याकडूनच लेखी घ्या. मी एका कार्यक्रमात बघितलंय, पाटीवरचा पडदा बाजूला झाला आणि एका आजोबांनी बायकोच्या नावाने देणगी दिली होती, ते नावच चुकलेलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं त्या चुकलेल्या अक्षरावरून बोट फिरवत राहिले. पाटी नंतर बदलली, पण तो दिवस थोडाच परत येणार होता.

इमारतीला कोणाचं नाव द्यायचं असेल तर नियम आधीच लिहून ठेवा, किती वर्षांसाठी, कुठल्या परिस्थितीत काढता येईल. आणि एक गोष्ट अगदी पक्की हवी: कितीही मोठी मदत असली तरी घर कोणाला मिळणार आणि काम कुठल्या कंत्राटदाराला जाणार यात देणाऱ्याचा शब्द चालणार नाही, हे पैसे घेतानाच सांगा.

कार्यक्रम हॉलमध्ये नको, वस्तीतच घ्या

महागडा हॉल आणि ट्रॉफ्या यावर खर्च केला की ज्याने घरासाठी पैसे दिले त्यालाच वाईट वाटतं. इमारतीच्या अंगणात खुर्च्या मांडा. भाषणं एकूण वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाकीचा वेळ फेरी मारा, कारण निरोगी वस्ती म्हणजे काय हे सांगून कळत नाही, चालून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दाटीवाटी, घरातली थंडी आणि उष्णता, घरात होणाऱ्या दुखापती, अपंगांना वावरता येणं हे मुद्दे आहेत, आणि हे सगळं फेरीत दाखवता येतं. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा कसा खेळतो, जिन्याचा कठडा हलवून बघा, रॅम्पवरून व्हीलचेअर एकटीने वर नेता येते का, खेळायच्या जागेवर दुपारी सावली असते का. मग बसस्टॉपपर्यंत चालत जा. ज्याने झाडांसाठी पैसे दिले त्याला त्या झाडाखाली उभं करा, तिथे वेगळं भाषण लागत नाही.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधली एक पडीक इमारत दुरुस्त करायला हॅबिटॅटबरोबर गेले आणि पुढे अनेक वर्षं जात राहिले. ज्यांना खुर्चीत बसून सत्कार नको असतो त्यांना असंच अर्ध्या दिवसाचं काम द्या, कामाला बोलावणं हाही मानच आहे.

राहणाऱ्यांना प्रदर्शनात मांडू नका

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. एखाद्या बाईला स्टेजवर बोलावून तिच्या जुन्या हालअपेष्टा सांगायला लावायच्या, लोक डोळे पुसणार, हे करू नका. तिला आधी एकटीला विचारा, नाही म्हणाली तर विषय संपला, हो म्हणाली तर काय बोलायचं ते तीच ठरवेल, आणि फोटोची परवानगी वेगळी घ्या, मुलांच्या फोटोची तर आणखी वेगळी. घरात डोकवायचं असेल तर ज्यांनी स्वतःहून दार उघडलंय तिथेच. पाहुण्यांना हेही सांगा की हे लोक भाडं किंवा हप्ता भरतात. परवडणारं घर म्हणजे फुकटचं घर नाही, बऱ्याच ठिकाणी माप असं धरतात की घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत बसला पाहिजे.

नंतरचं

दुसऱ्या दिवशी जे येऊ शकले नाहीत त्यांना फोटो आणि दोन ओळी पाठवा. यादी दुरुस्त करा. लोक राहायला येऊन वर्ष झालं की पुन्हा एक पत्र लिहा, किती घरं भरली, लिफ्ट किती वेळा बंद पडली, अंगणातली किती झाडं जगली, काय जमलं नाही. या पत्रात पैसे मागू नका. आणि ते सगळ्यात आधी पाठवा सुनावणीत उभ्या राहिलेल्या त्या शेजारणीला, शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या, ती दोन गल्ल्या पलीकडेच राहते.